ट्रू चक, डॉग चक आणि पाव मिलिमीटरचा घोळ

तुमचा प्रश्न असा: जुना सहा फुटी लेथ घेतला, स्पिंडल, म्हणजे फिरणारा मुख्य दांडा, आट्यांचा, सोबत २०० मिलिमीटरचा थ्री जॉ चक, म्हणजे कापायचा जॉब तीन जबड्यांत (जॉ) पकडणारा भाग, आला. बार पकडून डायल, म्हणजे बारीक फरक काट्यानं दाखवणारं माप, लावली की काटा ०.२५ मिलिमीटर फिरतो. दुकानदार म्हणतो चक गेला, नवा घ्या. घ्यावा का, कोणता घ्यावा, आणि पुढे सांभाळायचा कसा?

आत्ताच घेऊ नका. कोल्हापुरात उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर काढली, त्यात ‘गेलेले’ म्हणून माझ्याकडे आलेले निम्म्याहून जास्त चक गेलेले नव्हते. कुणाचा बसवला चुकीचा होता, कुणाच्या आत पसाभर कीस होता.

आपल्याकडे थ्री जॉला ट्रू चक म्हणतात आणि फोर जॉला डॉग चक. निम्मा घोळ या नावानंच केलाय. ट्रू म्हटल्यावर वाटतं, यात पकडलं की जॉब शून्यावर फिरणार. नवाकोरा, चांगल्या कंपनीचा २०० चा चकसुद्धा ०.०५ ते ०.१० आउट, म्हणजे डायलवर तेवढा फिरणारा, निघू शकतो आणि तो बिघाड नव्हे, त्याची घडणच तशी आहे. आत एक तबकडी असते, स्क्रोल म्हणतात तिला. तिच्या तोंडावर जिलबीच्या वेढ्यासारखा आटा कापलेला असतो आणि पाठीवर दाते. चावी फिरवली की पिनियन, म्हणजे चावी बसते ते छोटं दातेरी चाक, ते दाते फिरवतो, जिलबी फिरते, आणि तिन्ही जॉ एकदम आत किंवा बाहेर सरकतात. म्हणजे बार मध्यावर येणं हे जिलबीच्या वेढ्यांवर, जॉच्या दातांवर, बॉडीतल्या खाचांवर आणि स्क्रोल ज्या बोसवर, म्हणजे मधल्या गोल उंचवट्यावर, फिरतो त्याच्या ढिलाईवर अवलंबून. या सगळ्यांची थोडी थोडी चूक मिळून तुमच्या डायलवर दिसते.

आणि ती दिसली म्हणून लगेच बिघडत नाही. काळा बार पकडला, फेस मारला (तोंड सपाट केलं), बाहेरचे सगळे व्यास काढले, भोक पाडलं, बोअर केलं (भोक आतून मापाला कापलं) आणि त्याच पकडीत पार्टिंग करून, म्हणजे कापून वेगळा, काढला, तर चक अर्धा मिलिमीटर आउट असला तरी ते सगळे व्यास एकमेकांशी जुळलेलेच येणार. कारण ते स्पिंडलच्या मध्यावर कापले गेले, चकच्या नाही. चकची चूक नडते ती जॉब उलटा करून दुसऱ्यांदा पकडताना. तेव्हा आधी स्वतःला विचारा, तुमची किती कामं दोन पकडींत होतात? पाइपच्या बुश्या आणि पिना कापणाऱ्या माणसानं या पाव मिलिमीटरसाठी झोप घालवण्यात अर्थ नाही. गिअर ब्लँक आणि पुली करणाऱ्यानं मात्र घालवावी.

आता चूक कुठे आहे ते शोधू. यासाठी चुंबकी स्टँडवरची डायल आणि ग्राइंड केलेली सरळ पिन हवी, साधारण २५ व्यासाची, दीडशे लांब. जुन्या शाफ्टचा तुकडा किंवा ब्राइट बार नको, तो स्वतःच वाकडा असतो.

चक उतरवा. स्पिंडलचे आटे, आट्यांमागचा गोल भाग आणि खांदा केरोसिननं धुवून कोरडा करा. डायल त्या गोल भागावर आणि मग खांद्याच्या तोंडावर लावा. दोन्हीकडे काटा एक रेघेच्या आत, म्हणजे ०.०१ च्या आत राहायला हवा. इथेच जास्त फिरला तर चकचा विषय बाजूला ठेवा आणि स्पिंडलच्या बेअरिंगकडे वळा.

मग बॅकप्लेटचे, म्हणजे चक ज्या तबकडीनं स्पिंडलवर बसतो तिचे, आटे. तारेचं टोक वाकवून आट्यांच्या बुडातून फिरवा. मी एकदा असंच फिरवलं तर जुन्या काळच्या पितळी कामाच्या चकत्या निघाल्या, आणि त्या लेथवर पितळ कापून मालकाला पाच-सहा वर्षं झाली होती. आट्यातला मळ फार नडत नाही, खांद्यावरची चिप नडते. हिशोब करून बघा. खांदा ८० व्यासाचा धरा. त्याच्या एका कडेला कागदाच्या निम्म्या जाडीची, ०.०५ ची चिप अडकली तर चक तेवढा तिरका बसतो, आणि तिथून दीडशे मिलिमीटर पुढे बारचा मध्य साधारण ०.०९ सरकतो. डायल त्याच्या दुप्पट दाखवते, म्हणजे जवळजवळ ०.१९. तुमच्या पाव मिलिमीटरमधला मोठा हिस्सा एका चिपेचा असू शकतो.

बॅकप्लेट एकटी स्पिंडलवर चढवून तिच्या तोंडावर आणि चक बसतो त्या उंचवट्यावर डायल लावा. जुन्या लेथवर बहुतेक वेळा चोर इथे सापडतो, कारण बॅकप्लेट दुसऱ्या कुठल्या मशीनवर काढलेली असते. उपाय सोपा. त्याच स्पिंडलवर तिच्या तोंडावरून एक हलका कट घ्या. चक बॅकप्लेटच्या तोंडाला बाहेरच्या कडेनं पूर्ण टेकला पाहिजे. उंचवट्याचं टोक चकच्या खळग्याच्या तळाला लागत असेल तर बोल्ट कितीही आवळा, चक डुगडुगणारच.

हे सगळं ठीक असेल तरच चक चढवून पिन पकडा. जॉच्या अगदी जवळ एक रीडिंग, शंभर मिलिमीटर पुढे दुसरं. दोन्हीकडे सारखंच आउट असेल तर चूक सरळ आहे, मध्य सरकलाय. पुढे जाताना वाढत असेल तर चक तिरका आहे किंवा जॉचं तोंड फाकलंय. पिन ढिली करून जॉमध्ये १२० अंश फिरवून पुन्हा पकडा. उंच जागा पिनसोबत फिरली तर पिन वाकडी, जॉसोबतच राहिली तर दोष चकचा. मग २५ च्या जागी ४० ची, ५० ची पिन लावून बघा. एका व्यासावर चांगला आणि दुसऱ्यावर वाईट येत असेल तर स्क्रोलचा ठरावीक पट्टा झिजलाय. एकाच मापाचा बार वर्षानुवर्षं पकडणाऱ्या कारखान्यातले चक असेच झिजतात.

जॉचं तोंड फाकलंय का, हे फीलरनं, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्टीनं, कळतं. पिन घट्ट पकडून जॉच्या पुढच्या कडेकडून ०.०५ ची पट्टी सारा. आत शिरली तर जॉ फक्त मागच्या भागानं पकडतोय. अशा चकमध्ये पार्टिंग करताना टूल तुटतं आणि टर्नर टूलला शिव्या घालतो.

फाकलेले जॉ ग्राइंड करता येतात, पण ते करताना एक चूक मी पुष्कळांची पाहिली आहे. रिकामे जॉ मोकळे ठेवून आत दगड फिरवतात. मोकळ्या जॉला खाचेत ढिलाई असते, पकडताना तो ज्या बाजूला रेलतो त्या बाजूला तो तेव्हा रेललेला नसतो. ग्राइंड छान होतं आणि बार पकडला की पुन्हा तोच वाकडेपणा. म्हणून जॉ कशावर तरी आवळलेले असतानाच घासायचे. एक जाड पत्रा घ्या, त्याच्या कडेला तीन खाचा अशा कापा की पत्रा जॉच्या टोकाच्या दोन्ही उतरत्या बाजूंवर टेकेल आणि मधली पकडीची पट्टी मोकळी राहील. त्यावर चक आवळा, टूलपोस्टला ग्राइंडर लावा, स्पिंडल हळू ठेवा, एका वेळी ०.०१. बेडवर ओलं फडकं पसरायला विसरू नका, दगडाची धूळ गाइडवेला, म्हणजे बेडच्या सरकपट्ट्यांना, वाळवीसारखी खाते. आणि घासून झाल्यावर हेही लक्षात असू द्या की तो चक ज्या मापावर घासला त्याच मापावर सगळ्यात चांगला येईल.

सरळ आउट असलेल्या चकसाठी आणखी एक गावठी इलाज आहे. बॅकप्लेटचा उंचवटा ०.३ मिलिमीटर बारीक करायचा, बोल्ट अर्धवट आवळून चकला तांब्याच्या हातोडीनं ठोकत डायलवर आणायचं, मग पूर्ण आवळायचं. बाजारात असे समायोजनाचे स्क्रू असलेले चक मिळतात, हे त्याचंच गरिबाचं रूप. हलक्या कामाला चालतं. तुटक कट, चौकोनी बार, जोराचं रफिंग (सुरुवातीचे जाड कट) असेल तर चक हळूच सरकतो, म्हणून मी स्वतः माझ्या मशीनवर हे करत नाही.

आता निवड. तुमच्याकडे ट्रू चक आहेच, तो वरच्या प्रकारानं ०.१० च्या आत आला तर नव्याचे पैसे डॉग चकमध्ये घाला. २५० चा घ्या. चकचं माप लेथवर फिरू शकणाऱ्या जास्तीत जास्त व्यासाच्या निम्म्याच्या आसपास ठेवावं असा माझा अंदाज असतो. मोठा चक मोठा जॉब पकडेल हे खरं, पण बाहेर आलेले जॉ बेडला घासतात, वजन बेअरिंगवर पडतं आणि थांबायला वेळ लागतो.

डॉग चकला नवी पोरं घाबरतात. चारही जॉ वेगवेगळे, प्रत्येकाला आपला स्क्रू, मध्यावर कोण आणणार? पण बीडाचं कच्चं कास्टिंग, चौकोनी ब्लॉक, वेल्डिंग केलेला तुकडा, एक्सेंट्रिक (मध्य सरकवून कापायचा जॉब), हे सगळं यातच पकडायचं. ओबडधोबड कास्टिंग ट्रू चकमध्ये आवळलं की सगळा जोर एका जॉवर येतो आणि स्क्रोलचा वेढा तिथे दबतो. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांचा माल ज्याला कापायचाय त्याला डॉग चकशिवाय गत्यंतर नाही. शिवाय त्याची पकड जबर असते आणि जॉ उलटे करून बाहेरच्या पकडीला वापरता येतात.

मध्यावर आणायची माझी पद्धत सांगतो. चकच्या तोंडावरच्या गोल रेघा बघून आधी नजरेनं जॉ लावा. हळू फिरवून खडू टेकवा, उंच बाजूला खडू लागतो, त्या बाजूचा जॉ आत घ्या. मग डायल. इथे सगळे गडबडतात ते चारही जॉशी एकदम खेळतात म्हणून. एक जोडी घ्या, १ आणि ३. जॉ १ समोर आणून वाचा, अर्धा फेरा फिरवून ३ वाचा. फरक ०.८० आला तर बार ०.४० सरकवायचा, ०.८० नाही. उंच बाजूच्या समोरचा जॉ थोडा ढिला करा, उंच बाजूचा आवळा, आणि काटा निम्म्यावर आला की थांबा. दुसऱ्या जोडीकडे तोवर बघायचंसुद्धा नाही. १-३ जुळली की २-४. मग परत १-३, कारण ती थोडी हललेली असते. दोन चाव्या ठेवल्यात तर समोरासमोरचे जॉ एकदम फिरवता येतात आणि वेळ निम्मा होतो. सरावाच्या हाताला ०.०२ वर यायला तीन मिनिटं लागतात. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक शिकाऊ पोराला मी पहिला महिना ट्रू चक दिला नाही. पोरं कुरकुरायची.

एक्सेंट्रिकला हाच हिशोब उलटा. मध्य ३ मिलिमीटर सरकवायचा असेल तर डायलवर ६ चा फरक आणायचा.

पातळ कड्यांची गोष्ट वेगळी, ती मला महागात पडून शिकायला मिळाली. उसाच्या चरकाच्या गनमेटल बुश्या होत्या, बाहेरून ९०, भिंत ५ ची. ट्रू चकमध्ये पकडल्या, बोअर काढला, बोअर गेज फिरवून फिरवून बघितला, सगळीकडे माप एक. माल गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला, शाफ्ट जाईना. मी गेज लावला, माप बरोबर. गिऱ्हाईक म्हणतो शाफ्ट जात नाही, मी म्हणतो माप बरोबर आहे. शेवटी बुश व्ही ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) ठेवून डायलचं टोक आत बोअरला लावलं आणि बुश फिरवली. काटा एका फेऱ्यात तीनदा वर, तीनदा खाली. तीन जॉनी आवळल्यावर बुश तीन ठिकाणी आत दबली होती, मी त्या दबलेल्या अवस्थेत गोल बोअर काढला, आणि जॉ सुटल्यावर भोक तिकोनी झालं. अशा तिकोनी भोकात प्रत्येक उंचवट्यासमोर खळगा येतो, त्यामुळे दोन टोकांनी मापणाऱ्या गेजला सगळीकडे तेच माप दिसतं. तेव्हापासून पातळ कडं असेल तर रफिंग झाल्यावर जॉ ढिले करून हलक्या हातानं पुन्हा पकडतो, किंवा सॉफ्ट जॉ, म्हणजे कापता येणारे मऊ स्टीलचे जॉ, कड्याच्याच मापाला बोअर करून घेतो म्हणजे तीन टोकांऐवजी जवळजवळ सगळ्या गोलाईवर पकड येते. संख्या थोडी असेल तर लांब बार घेऊन एका पकडीत सगळं करून शेवटी कापून काढणं सगळ्यात निर्धोक.

सॉफ्ट जॉ हा तुमच्या मूळ प्रश्नाचाही उपाय आहे. चकच्या जॉवर मऊ स्टीलचे तुकडे बोल्टनं बसतात तसे जॉ असतील, तर मागच्या भागात एक गोळा किंवा कडं आवळून पुढचा भाग जॉबच्या मापाला बोअर करा. त्या मापावर उलटा जॉब ०.०२–०.०३ मध्ये येतो. एक सवय मात्र ठेवा, बोअर करताना चावी ज्या पिनियनला लावली, जॉब पकडतानाही त्यालाच लावायची. मी त्या पिनियनशेजारी पंचानं टिंब मारून ठेवतो.

लहान, तयार बारच्या भरपूर कामाला कोलेट चक घ्या; कोलेट म्हणजे बारला सगळ्या बाजूंनी आवळणारी चिरा दिलेली नळी. ईआर-३२ या मापाच्या कोलेटमध्ये २० मिलिमीटरपर्यंतचा बार बसतो, एक कोलेट साधारण १ मिलिमीटरची तफावत पकडतं. कोलेट आधी नटमध्ये टिक करून बसवायचं आणि मग चकमध्ये, उलट केलं तर ते तिरकं बसतं, निघताना अडकतं आणि खराब होतं. सीएनसीच्या हायड्रॉलिक चकबद्दल इथे जास्त लिहीत नाही, पण ज्यांच्याकडे आहे त्यांनी ग्रीस रोजच्या रोज भरावं. कोरड्या चकची पकड निम्म्यापर्यंत उतरते आणि प्रेशर गेज मात्र तेच दाखवत राहतो.

सेकंडहँड चक घेताना जॉवरचे आणि बॉडीवरचे नंबर जुळतात का बघा. जॉचा संच त्या त्या चकमध्ये बसवून ग्राइंड केलेला असतो, दुसऱ्या चकचा संच बसला तरी मध्यावर येत नाही. खाचांच्या कोपऱ्यात तडा किंवा वेल्डिंगची खूण दिसली तर फुकट मिळाला तरी घेऊ नका. चावीचं चौकोनी भोक गोलावलं असेल तर समजा कुणीतरी चावीला पाइप लावून आवळत होतं.

सांभाळणं म्हणजे मुख्यतः कीस आत जाऊ न देणं. एअर गननं चक फुंकतात, तो कीस बाहेर येत नाही, स्क्रोलमध्ये जातो. ब्रश वापरा. बीड कापताना उडणारी काळी पूड सगळ्यात वाईट, ती तेलात मिसळली की घासायची पेस्टच तयार होते. म्हणून स्क्रोलवर ग्रीस थापू नका, तेलाचा पातळ हात पुरे. महिन्यातून एकदा जॉ पूर्ण बाहेर काढून खाचा आणि वेढे केरोसिन आणि नायलॉनच्या ब्रशनं धुवा. खंडेनवमीला आपण चकला हळदकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो, पण आतली जिलबी किती जण उघडून बघतात? मी तिच्या आदल्या दिवशी चक पूर्ण खोलतो. बॅकप्लेटचे बोल्ट, मागचं झाकण, पिनियनच्या अडकवणीचे स्क्रू. पिनियन कुठल्या भोकातला कुठला, हे मार्करनं लिहून ठेवायचं आणि तिथेच परत घालायचा.

जॉ परत बसवताना स्क्रोलचं बाहेरचं टोक खाच १ मध्ये दिसेपर्यंत चावी फिरवा, किंचित मागे घ्या, जॉ १ आत दाबून चावी फिरवा, मग २, मग ३. शेवटी तिन्ही मध्यावर भेटतात का बघा. जॉवरचे आकडे झिजून गेले असतील तर तिन्ही शेजारी उभे करून टोकं एका रेषेत आणा. ज्याचा पहिला दात टोकाच्या सगळ्यात जवळ तो १, सगळ्यात लांब तो ३.

तुमचा स्पिंडल आट्यांचा आहे, तेव्हा जोरात फिरत असताना एकदम उलटा फिरवू नका, चक सुटून येऊ शकतो. २०० चा चक पंधरा-वीस किलो भरतो. काढताना-चढवताना बेडवर लाकडी पाट ठेवा, वरून चकच्या गोलाईचा खळगा कोरलेला. बेडही वाचतो आणि बोटंही. जॉ बॉडीच्या बाहेर फार काढून मोठा जॉब पकडू नका, निम्मे दात तरी स्क्रोलमध्ये हवेत. त्याहून मोठं काम आलं तर उलटे जॉ लावा. आणि चकवर कोरलेल्या आकड्यापेक्षा जास्त आरपीएम नको, विशेषतः जुन्या बीडाच्या बॉडीला.

चावी चकमध्ये राहू देऊ नका, हे प्रत्येक भिंतीवर लिहिलेलं असतं. माझ्याही भिंतीवर होतं, आणि त्याच पाटीच्या खाली पलास्तरात चावीनं पाडलेला चार बोटं खोल खड्डा आहे. मशीन मीच सुरू केलं होतं. आता स्प्रिंगची चावी वापरतो, हात सोडला की ती आपोआप बाहेर येते.